सासऱ्यांचा फेटा आणि सातेरी माशा

जावयाने सासुरवाडीत मधमाशांचं प्रात्यक्षिक दाखवू नये, असा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहायला हवा.

मी विद्यापीठात मधमाशीपालन शिकवतो. सासुरवाडी निरगुडसरची. सासऱ्यांनी अर्ध्या एकरात बियाण्याचा कांदा लावला होता. फुलं भरपूर आली, पण माशा फिरकेनात, म्हणजे बी धरेना. "दोन पेट्या ठेवा," मी म्हणालो. "नातवंडांना चावल्या मंजी?" एवढाच त्यांचा प्रश्न. मग मी सातेरी या देशी जातीच्या माशांची एक पेटी गाडीत घालून नेली. सगळ्यांसमोर उघडून दाखवणार होतो. सासऱ्यांचं बियाणं आणि माझी इभ्रत, दोन्ही त्या पेटीत होतं.

बांधावर वीस-पंचवीस माणसं जमली. मी झाकणाला हात घालणार, तेवढ्यात सासरे म्हणाले, "थांबा पावणं. आधी सत्कार." त्यांनी स्वतःच्या हाताने मला फेटा बांधला आणि मेहुण्याने दोन्ही मनगटांना अत्तर चोळलं. (उरलेलं मानेला. माणूस सढळ हाताचा!)

अत्तर लावून माशांजवळ जाऊ नये, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो. पण सासऱ्यांसमोर मनगटं पुसणार कशी? त्यात तोंडावरची जाळी फेट्यावरून जाईना.

"फेटा काढा की," बायको कुजबुजली.

"तुझ्या वडिलांनी बांधलाय."

"मग घ्या चावून."

मी झाकण उघडलं. पुढचं तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कानाशी गुणगुण झाली, दोन माशा फेट्यात शिरल्या आणि "घाबरू नका, माशा शांत असतात" असं ओरडत मी कांद्याच्या वाफ्यांतून पळत सुटलो. सुटलेला फेटा मागून फरफटत येत होता. बायकोने जाळी चढवली, पेटीला धूर दिला आणि सावकाश झाकण लावलं. (माझी व्याख्यानं घरी ऐकून तिला सगळं पाठ आहे.)

ओसरीवर सासूबाई मला हळद लावत होत्या. मला रडूच यायचं बाकी होतं. आता इथे पेटी येणं शक्य नव्हतं. सासरे समोर येऊन बसले.

"एवढी माणसं व्हती," ते म्हणाले, "पर दुसऱ्या एकालाबी चावल्या न्हाईत. माशा लई गुणी हायेत. ठेवू पेट्या. आठवड्याला पोरगी येऊन बघंल. तुमी नगा जाऊ जवळ."

मी मान हलवली. ओठ बोलण्याच्या स्थितीत नव्हते.

विद्यापीठाला अहवाल पाठवला: प्रात्यक्षिक यशस्वी. सोबत तज्ज्ञाचा फोटो लागतो. मी बायकोचा जोडला.