गाईच्या वाट्याचं स्फुरद

पशुवैद्यकाची पदवी झाल्यावर मी पशुआहार विषयात पुढचं शिकत होते. खाप्याजवळच्या एका गावात घरोघरी जाऊन जनावरं काय खातात याची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत. घरी मराठी बोलतो, पण ती भाजी, पाहुणे आणि गॅस सिलेंडर यांची मराठी. 'मिनरल मिक्श्चर'ला खनिज मिश्रण म्हणतात हे मी शोधून काढलं आणि मनीषनगरच्या घरापासून गावापर्यंत घोकत गेले. अनोळखी माणसांशी बोलायचं तर मला वाक्य आधी तयार लागतं.

पहिल्याच घरी एक मावशी गोठ्यापाशी उभ्या होत्या. मी वही उघडून विचारलं, "तुम्ही खनिज किती देता?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, मग अंगणातल्या रेतीच्या ढिगाकडे. "आमच्या इथं खनिज-बिनिज काही नाही, मॅडम. रेती गोठ्याच्या कामाची हाय. ट्रॅक्टर देराचा, त्यालेच इचारा."

कन्हान नदीच्या काठी 'खनिज' हा शब्द तहसीलची माणसं वापरतात, तेही रेतीची गाडी अडवताना, हे मला कुठून माहीत असणार? दीर शर्टाची बटणं लावत बाहेर आले आणि पावती शोधू लागले. मी जनावरांची डॉक्टर आहे हे दोघांना पटेपर्यंत माझे कान तापले होते.

पटल्यावर मावशींनी गाय दाखवली. तांबूस, आखूड शिंगांची. व्यायली त्याला वर्ष होऊन गेलं होतं आणि नंतर ती माजावर आलीच नव्हती. दूध आटलं होतं. दिरांनी एक गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. दिवाळीनंतर ते गाय न्यायला येणार होतं. मावशींना ती विकायची नव्हती. तिची आई साप चावून मेली तेव्हा त्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं, पण बघत होत्या गाईकडे.

तेवढ्यात गाईनं मान लांबवली आणि ओट्याखाली काढलेली माझी डावी सँडल तोंडात घेतली. मावशींनी ओढून काढली तोवर पट्टा गेला होता. त्या ओशाळल्या. तिला खोडच आहे म्हणाल्या. भिंत चाटते, हाडं चघळते, मागच्या महिन्यात पंचा खाल्ला. नजर लागली असेल म्हणून मीठ-मिरच्याही ओवाळून झाल्या होत्या.

सँडल नवी होती, तरी मला आनंद झाला. पुस्तकात वाचलेलं लक्षण समोर उभं राहून रवंथ करत होतं. चाऱ्याचं विचारलं तर नुसतं तणस आणि कुटार, म्हणजे भाताचा पेंढा आणि भुसा. सरकीची ढेप फक्त दुधाच्या जनावराला. मी सांगायला लागले की तिच्या अंगात फॉस्फरस कमी आहे, म्हणूनच ती असलं खाते आणि माजावरही येत नाही; पण फॉस्फरसला मराठीत काय म्हणतात तिथेच अडले. मी हाडं दाखवायला स्वतःचं मनगट धरलं. मग वहीत पी हे अक्षर काढलं.

ओट्यावर खताची रिकामी पोती धुऊन वाळत घातली होती. मावशींनी त्यातल्या एकावरच्या तशाच अक्षरावर बोट ठेवलं. "स्फुरद म्हंता का? नत्र, स्फुरद, पालाश, त्यातलं?"

हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अंदाजानं हो म्हणाले. मावशी दिरांकडे वळल्या. "वावराले दरसाल पोतं पोतं देता. इले कोनं देल्लं?"

दिरांनी जरा विचार केला. "मंग टाकतो मूठभर डीएपी ढेपीत."

"अजिबात नाही."

माझा आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. खत खाऊन गाय मरेल, मी न अडखळता सांगितलं. तिला नत्र मिळेल ढेपेतून. स्फुरद मिळेल गव्हाच्या कोंड्यातून आणि जनावरांसाठी मिळते त्या पावडरीतून, रोज एक लहान मूठ. शब्द त्यांचेच होते, त्यामुळे वाक्यं आपोआप येत होती. दिवाळीनंतर आणखी एक महिना थांबायचं दिरांनी कबूल केलं. मॅडमच्या सँडलीसाठी, म्हणाले.

मुदत संपायला आठवडा राहिला असताना रविवारी मावशींचा फोन आला. घरी पाहुणे तर्री-पोहे खात होते.

"माजावर आली वं पोरी. पहाटेपासून हंबरून राहिली."

मी उठून बाल्कनीत जायचं विसरले. काचेसारखी चिकट तार लोंबते का, दुसरं जनावर अंगावर चढलं तर स्थिर उभी राहते का, हे मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं. पाहुण्यांनी नजर ताटलीतून वर काढली नाही. आज संध्याकाळीच भरवून घ्या, मी सांगितलं. गर्भ राहिला का याच्या तपासणीपर्यंत विक्री पुढे गेली.

तीन महिन्यांनी तपासायला मीच गेले. खांद्यापर्यंत हातमोजा, हात गाईच्या आत, गाल तिच्या पाठीजवळ. गर्भाशयाची उजवी बाजू डावीपेक्षा मोठी लागली, पाणी भरलेल्या फुग्यासारखी मऊ. मी हात न काढता पुन्हा खात्री केली.

"गाभण आहे."

मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि त्यांना थांबताच येईना. दिरांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावला. "गाय इकाची नाही गा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "काहून म्हंजे? गाभण हाय, गाभण." त्याला नीट ऐकू आलं नसावं, कारण दीर आणखी जोरात, तिसऱ्यांदा तेच सांगायला लागले.