पावसाला नको म्हणणारा माहा भाऊ

भागवत माहा धाकटा भाऊ. गावात त्याला समदे वळखतात, पण बद्रीनाथचा भाऊ म्हणून. परतूरच्या बाजारात माह्या मोसंबीची गाडी लागली का व्यापारी चहा सोडून उठतात, कुणालाबी इचारा. मी सातवीपस्तोर शिकलो, भागवत बारावी झाला. त्या जास्तीच्या शिकण्याचा फरक कुठं पडला, ते मी अजून शोधून राह्यलो.

त्याचीबी मोसंबीची बाग हाये. झाडं त्यानंच लावली, दुष्काळात हंड्यानं पाणी घालून जगवली, खोटं कशाला बोलू. पण बाग जगवणं येगळं अन् पिकवणं येगळं. मृगाचा बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी बिलकुल तोडायचं, पानं मलूल होऊस्तोर झाड तहानलेलं ठेवायचं. मंग पाऊस पडला, न्हाईतर मोटारीचं पाणी सोडलं, का झाड कळ्यांनी भरतं. पण अलीकडं आभाळाचं डोकं फिरलंय. ऐन मे महिन्यात, ताण चालू असताना, धो धो पाऊस. ताण अर्ध्यातच तुटतो अन् झाड फुटतं ते नुसतं पानांनी. भागवतच्या बागेत असं लागोपाठ झालं. माह्या बागेतबी झालं, पण मी सावरून घेतो, ती गोष्ट निराळी.

म्या मायसमोर सांगून टाकलं, औंदा बहार आला न्हाई तर जेसीबी लावायचा, भागवतची बाग काढायची अन् कापूस टाकायचा. घरात शेवटचं माहंच चालतं. भागवत काहीच बोलला न्हाई. हीच त्याची खोड. बोलला असता तर पुढचा तमाशा टळला असता.

मे महिन्यात ढग यायला लागले तसं त्याचं जेवण सुटलं. समदा जिल्हा पाण्यासाठी आभाळाकडं बघतो, हा शिव्या द्यायला बघायचा. मोबाईलवर हवामानवाले लावून ठेवलेले. एक म्हणायचा पाऊस येणार, दुसरा म्हणायचा जोरात येणार. एका सकाळी मी त्याच्या बागेकडं गेल्तो, तर साहेब झाडाखाली काळा प्लास्टिकचा कागद अंथरून राह्यले. बुंध्याभोवती चिरून बराबर बसवलेला, कडेला माती, वर दगड. का, तर पाऊस पडला तरी पाणी मुळाला लागू नये. पाणी आत जिरावं म्हणून लोक चर खोदतात. आमच्या घराण्यात पाणी बाहेर ठेवायची सोय पहिल्यांदाच झाली.

गावातला कचरू शेळ्या घेऊन तिकडून चालला होता. तो थांबून म्हणला, "भागवतराव, एक कागद आभाळालाच लावा ना. गावाचंबी भागंल."

म्या भागवतला इचारलं, एवढा कागद कुठून आणला. "आपलाच हाये," म्हणला अन् खाली मान घालून दगड रचायला लागला.

मंग पाऊस आला, असा आला का ओढ्यानं रस्ता धरला. समद्या गावच्या बागांचा ताण तुटला, भागवतचा टिकला. कागदावरून पाणी घरंगळून पार बांधाबाहेर. मंग हा गडी गावातून असा फिरला, जसा पाऊस त्याला इचारून पडला.

अन् जून लागला तो कोरडा ठाक. मृग गेला, आर्द्रा लागल्या, थेंब न्हाई. आता कागद काढून झाडाला पाणी द्यायची वेळ. पानं गुंडाळायला लागली होती, अजून थांबलं तर झाडंच वाळणार. म्या म्हणलं, सोड तुह्या शेततळ्याचं पाणी, मेच्या पावसानं तुडुंब असंल. भागवत चपलेनं माती उकरत राह्यला. मंग मीच तळ्यावर गेलो. आत नुसती भेगाळलेली माती. शेततळ्यात काळा कागद अंथरलेला असतो, त्याच्यावरच पाणी थांबतं. ह्यानं तोच उपसून झाडाखाली घातला होता, अन् मेचं समदं पाणी जमिनीनं पिऊन टाकलं. झाडाला पाणी मिळू नये एवढंच त्याला पाहिजे होतं. ते त्यानं बराबर साधलं, मेमधीबी अन् जूनमधीबी.

त्याच्या बोअरनं कधीच मान टाकलेली. पाणी होतं फक्त माह्या इहिरीला, अन् ते माह्याच झाडांना पुरून राह्यलं नव्हतं. मेच्या पावसानं माह्या बागेत थोडीफार कळी आल्ती, ती उन्हानं गळून राह्यली होती. तरीबी म्या ठरवलं, हा येऊन मागंल तर देऊ. मागायला नको? थोरला भाऊ हाये मी, पाणपोई न्हाई. हा काही येईना. बांधावर बसून झाडाकडं बघायचा. शेतात पाठवलेली भाकर तशीच परत यायची.

शेवटी माय आली. अंगणात उभ्या उभ्याच म्हणली, "बद्री, जेसीबीवाल्याला फोन कर. त्या झाडापायी पोरगं रोज थोडं थोडं मरून राह्यलंय. एकदाच काय ते होऊ दे."

म्या म्हणलं, तो मागत काहून न्हाई?

"तू मागितलं का कधी कुणाला? एकाच पोटचे हायेत दोघं."

म्या माह्या इहिरीपासून त्याच्या बागेपस्तोर पाईप टाकले. एकट्यानं टाकले, अन् आमच्या शिवारात दुसरा कुणी तेवढे पाईप एकट्यानं टाकून दाखवंल तर मी मिशी काढीन. पहिल्या आळ्यात पाणी उतरलं तवा भागवत उठला, कागद ओढून बाजूला केला अन् फावड्यानं पाणी वळवत दारं धरायला लागला. "दादा," एवढंच म्हणला अन् पुढच्या आळ्याकडं वळला. पाणी तिकडं गेल्यापायी माह्या बागेतली उरलेली कळी गळाली, ते सोडा.

भागवतची बाग फुलली. अशी फुलली का रस्त्यानं जाणारे मोटारसायकल थांबवून वास घेत होते. जेसीबीचं नाव घरात परत निघालं न्हाई. अन् हा गावभर सांगून राह्यला, कागदाची कमाल हाये म्हणून. माह्या पाण्याचं नाव न्हाई. टेंभुर्णीचे दोघं जण मुद्दाम बघायला आल्ते. हा बाजेवर बसून त्याहीला समजावून राह्यला, कागद कसा चिरायचा, दगड कुठं ठेवायचा, जसं काही ह्यानं कृषी विद्यापीठच काढलंय. त्यातला एक म्हणला, आमच्या शेततळ्यालाबी कागद हाये, पुढच्या उन्हाळ्यात काढतो.

मी गोठ्यात म्हशीची धार काढून राह्यलो होतो. तिथूनच म्हणलं, "काढा पाव्हनं, खुशाल काढा. पण आधी एक सांगा, शेजारी थोरला भाऊ हाये का?"