पडलेल्या बाटल्यांची बातमी

पांढरकवड्याला तेव्हा एक साप्ताहिक निघायचं. कापसाचा भाव, कुणाच्या सत्काराची बातमी, हरवलेल्या बैलाचं वर्णन आणि शेवटच्या पानावर लग्नपत्रिका छापून मिळतील अशी जाहिरात, एवढं त्यात नेमाने असायचं. कुस्तीची दंगल यायची, कबड्डी यायची, पोळ्याला कुणाच्या जोडीला बक्षीस मिळालं तेही यायचं. आमचा खेळ मात्र कधी आला नाही. तो का येत नाही हे शोधायला मी स्वतःहून घराबाहेर पडले. माझ्या स्वभावाला हे इतकं न शोभणारं होतं, की आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

खेळ होता बोलिंगचा. इंग्रज गेले तेव्हा क्लबात ज्या वस्तू ठेवून गेले त्यात एक बिलियर्डचं टेबल होतं, ते वाळवीने खाल्लं, आणि मागच्या पडवीत एक लांबलचक लाकडी पट्टा होता, तो सागवानी असल्यामुळे वाळवीने सोडून दिला. या टोकाला उभं राहून लाकडी गोळा घरंगळत सोडायचा, त्या टोकाला नऊ बाटल्या उभ्या असतात, त्या पाडायच्या. खऱ्या बाटल्या नव्हेत, लाकडाच्या, पण गावात सगळे त्याला बाटल्यांचा खेळ म्हणायचे. त्यामुळे क्लबाबद्दल काही गैरसमज झाले होते, ते वेगळे.

मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात राहून शाळा संपवली होती आणि घरी येऊन बसले होते. बाबा सरकारी दवाखान्यात डॉक्टर. माझं इंग्रजी गावात कुणाच्या उपयोगाचं नव्हतं आणि मराठी बोलताना मी वाक्य आधी मनात जुळवायची; ते जुळेपर्यंत समोरचे लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असायचे. बोलिंग मला आवडलं ते यासाठी, की हा असा एकच खेळ आहे ज्यात सगळ्या लोकांकडे पाठ करून उभं राहता येतं आणि त्याला कोणी उद्धटपणा म्हणत नाही. अर्थात दुपारी तिथे पाठ करायलाही कोणी नसायचं. सभासद संध्याकाळी यायचे ते पत्ते खेळायला.

असायचे फक्त चाचा. क्लबाच्या कुंपणाला लागूनच त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. बैलबंडीची चाकं आणि पलंगाचे पाय ही त्यांची रोजची कामं. इंग्रजांच्या जुन्या बाटल्या चिरल्या तेव्हा चाचांनी खरादावर नऊ नव्या कातून दिल्या होत्या आणि गोळा शिसमाचा केला होता. हातात काम नसलं की ते पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला, गोळा अडवायला ठेवलेल्या, गावातल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वाया गेलेल्या रुईने भरलेल्या पोत्याशेजारी येऊन बसत, पडलेल्या बाटल्या उभ्या करत आणि मोठ्याने आकडा सांगत.

“सात! दोन उभ्या हायेत, बेटी. आज हात टेढा चालून राह्यला तुया.”

चाचांशी मला बोलता यायचं. चाळीस-पन्नास फुटांवरून ओरडताना लाजायला सवड मिळत नाही.

अडचण सुरू झाली ती नवे तहसीलदार बदलून आल्यावर. ते पुण्याकडचे. आम्ही त्यांना तहसीलदार म्हणायचो आणि ते स्वतःला मामलेदार म्हणवून घ्यायचे. जो कोणी तहसीलदार असेल तोच क्लबाचा अध्यक्ष, असा रिवाज होता. पहिल्याच बैठकीत ते पडवीत येऊन पट्ट्याकडे पाहत उभे राहिले.

“एवढं उत्तम सागवान जमिनीवर पाडून ठेवलंय? याचं छान व्यासपीठ होईल. आपल्याकडे कार्यक्रमाला साधं व्यासपीठ नाही.”

“तिथे बोलिंग खेळतात,” बाबा म्हणाले.

“कोण खेळतं?”

बाबांनी माझं नाव घेतलं नाही, हे त्यांचे उपकार. “खेळतात काही जण,” एवढंच ते म्हणाले.

“मी इथलं साप्ताहिक आल्या दिवसापासून वाचतोय डॉक्टरसाहेब. त्यात कधी एक ओळ दिसली नाही. गावाला माहीतच नसलेला खेळ आपण कशासाठी सांभाळायचा?”

पुढच्या महिन्यात पट्टा उखडायचा असं ठरलं. बाबांनी जेवताना हे सांगितलं तेव्हा मी भात कालवत राहिले. माझ्या दुपारी जाणार होत्या. चाचांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ते एक बाटली धोतराच्या सोग्याने पुसू लागले.

“पेपरात आलं तं राहीन म्हणते ना साहेब?” ते म्हणाले. “मंग आणू ना पेपरात. तू शिकेल हायेस. लिही.”

मी लिहिलं. त्या रविवारी बाबा, त्यांचे मित्र असलेले जंगल खात्याचे रेंजर आणि मी असे तिघे खेळलो होतो. चार वेळा खोडून मी सुवाच्य अक्षरात उतरवलं: “रविवारी दुपारी क्लबात बोलिंगचा सामना शांतपणे पार पडला. एका खेळाडूने तीन वेळा नऊच्या नऊ बाटल्या पाडल्या. हवा कोरडी होती.” हवेचं वाक्य मला फार आवडलं होतं. नागपूरला ग्रंथालयातल्या इंग्रजी पेपरात खेळाच्या बातमीत नेहमी हवा असायची.

संपादक छापखान्यातच बसायचे. आम्ही गेलो तेव्हा ते लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासत होते. चाचांनी पुढे होऊन कागद दिला. मी दाराजवळ उभी राहिले. संपादकांनी तो वाचला, उलटून मागे काही आहे का पाहिलं आणि चष्मा वर सरकवला.

“हे ‘शांतपणे’ काहून लिहिलं ताई? शांतपणे झालं तं बातमी कायची?”

मी वाक्य जुळवू लागले.

“बरं, नऊ बाटल्या पडल्या. मंग?”

“मंग म्या उभ्या केल्या,” चाचा म्हणाले.

“साऱ्या?”

“साऱ्या.”

“अन् मंग?”

“मंग हिनं पुन्हा पाडल्या.”

“अन् तुम्ही पुन्हा उभ्या केल्या.” संपादकांनी हात पसरले. “म्हंजे सकाळी जशा होत्या तशाच संध्याकाळी. चाचा, तुम्हीच सांगा, गावात झालं काय?”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी प्रूफाकडे पाहिलं.

संपादक मनाने चांगले होते. त्यांनी चहा मागवला. “बातमीले माणसं लागतात ताई. अध्यक्ष कोण, पाव्हणा कोण, प्रास्ताविक कोनं केलं, आभार कोनं मानले. कुस्तीत पाव्हणा नारळ फोडते. तुमच्यात कोन काय फोडते? अन् हा ‘एक खेळाडू’ कोन?”

“हेच ना, आपली बेटी!” चाचा अभिमानाने म्हणाले.

मी तेवढ्यात छापखान्याबाहेर गेले होते.

पण युक्ती मिळाली होती. स्पर्धा ठेवायची आणि पाहुणा आणायचा. तहसीलदारांना चाचांनीच विचारलं. पाहुणा म्हटल्याबरोबर त्यांची कळी खुलली. पंचायत समित्या तेव्हा नुकत्याच झाल्या होत्या आणि आमचे सभापती अगदी नवे होते, हार घालून घ्यायला मान कधी वाकवावी याचाही त्यांना अजून अंदाज यायचा होता. पाहुणे म्हणून यायला त्यांनी लगेच होकार दिला. पत्रिका छापल्या. पडवीला आंब्याची तोरणं लागली, समोर मांडव पडला. चाचांनी बाटल्यांना नवं पॉलिश केलं. दहा जणांनी स्पर्धेत नावं दिली, त्यात माझं बाबांनी परस्पर देऊन टाकलं.

आदल्या दिवशी तहसीलदार तयारी पाहायला आले आणि विचारलं, “सभापती बसणार कुठे?”

शाळेत परीक्षा चालू होत्या, तिथले तक्तपोस, म्हणजे लाकडी चौरंग, मिळणार नव्हते. फळ्या मागाव्यात तर जिनाचे मालक बाहेरगावी. सगळे इकडेतिकडे पाहू लागले आणि मग सगळ्यांची नजर एकदमच खाली गेली.

“तात्पुरतं,” तहसीलदार म्हणाले. “आधी कार्यक्रम, मग खेळ. भाषणं संपली की अर्ध्या तासात फळ्या परत टाका.”

आता हे सांगताना कुणालाही वाटेल, की आमच्यापैकी एकाला तरी हसू यायला हवं होतं. तसं झालं नाही. चाचांनी स्वतःच्या हाताने फळ्या काढल्या, खाली विटा रचल्या आणि व्यासपीठ इतकं छान केलं, की त्यांनाच ते पाहून बरं वाटलं. मीही सतरंजीचं टोक धरलं. पाहुण्याच्या सरबराईत माणूस सगळं विसरतो.

कार्यक्रमाला गर्दी लोटली. चकचकीत नऊ बाटल्या शोभेसाठी टेबलावर मांडल्या होत्या आणि मधल्या जाड बाटलीला एक छोटा हारही होता. तहसीलदारांनी प्रास्ताविकात महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेपासून सुरुवात केली. सभापतींच्या हातात उद्घाटनाचा म्हणून गोळा दिला. तो ठेवायचा कुठे हे त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून त्यांनी पूर्ण भाषण तो कडेवर घेऊन केलं. माणूस साधा होता. बोलता बोलता थांबून त्यांनी आस्थेने विचारलं, “पण खेळ खेळतात कुठं?”

मांडवाच्या खांबापाशी उभे असलेले चाचा हात जोडून म्हणाले, “तुमच्या खुर्चीखाली हाये, साहेब.”

सभापतींनी पाय वर घेतले.

त्यानंतर आणखी चार भाषणं झाली. शेवटी आभार मानायला माझं नाव पुकारलं गेलं. हेही बाबांनीच केलं असावं, कारण ते त्या वेळी दुसरीकडे पाहत होते. मी उभी राहिले, हात जोडले, पहिलं वाक्य जुळवू लागले आणि ते जुळेपर्यंत लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बसले. मग चहा झाला. चहा संपेपर्यंत दिवस मावळला. सभापतींची जीप गेली आणि एकही गोळा न घरंगळता स्पर्धा संपली.

साप्ताहिकात पहिल्या पानावर बातमी आली. सभापतींनी गोळा उचलून स्पर्धेचं उद्घाटन केलं, तहसीलदारांनी समयोचित प्रास्ताविक केलं, डॉक्टरसाहेबांच्या कन्येने ओघवत्या भाषेत आभार मानले. कोण जिंकलं, बाटल्या किती, याबद्दल अक्षर नाही. चाचांचाही उल्लेख नाही. दारव्ह्याच्या मावशीने आईला पत्र लिहिलं, की पोरीला भाषण करता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मी ते पान घेऊन चाचांकडे गेले. मला वाचून दाखवायला लाज वाटत होती, तरी वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “मंग आता पट्ट्याचं काय?”

ते आम्हाला आठवड्याने कळलं. तहसीलदारांनी बातमी कापून, काचेत बसवून पडवीच्या भिंतीवर लावायला पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती: पेपरात आलेला खेळ मोडणं योग्य दिसणार नाही. फळ्या पूर्ववत कराव्यात.

चाचांनी फळ्या परत बसवल्या. व्यासपीठावर मांडवाचा खांब रोवायला एका फळीला भोक पाडलं होतं, ते बरोबर बाटल्यांच्या अलीकडे आलं. त्यांनी त्यात शिसमाची खुंटी ठोकून रंधा मारला. फिक्या सागवानावर तो काळा ठिपका लांबूनही दिसायचा. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला. मग लक्षात आलं, की त्या ठिपक्याच्या जरा डावीकडून गोळा गेला तर मधली जाड बाटली अचूक सापडते.

एका दुपारी लागोपाठ चार वेळा नऊच्या नऊ पडल्या. पाचव्यांदाही पडल्या. चाचा पोत्याशेजारून उठून उभेच राहिले.

“पाच डाव! बेटी, असं तं कोण्या साहेबानंबी नाही केलं. पेपरवाल्याले सांगू?”

“नको चाचा,” मी या टोकावरून ओरडले. “पुन्हा पाहुण्यांना बसायला व्यासपीठ लागेल.”

ते हसले ते मला दिसलं नाही, ऐकू आलं. तोवर ते वाकून बाटल्या उभ्या करायला लागले होते.