गेटपर्यंत चालत

टॉवेलच्या कारखान्यात कापसाचं तूस नकळत केसांत साचतं. किस्सेही तसेच साचतात. तूस घरी जाऊन झटकता तरी येतं!

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बी.कॉम. होऊन ऑफिसला लागले. पहिल्याच दिवशी मॅनेजर अण्णांनी दोन रजिस्टरं पुढ्यात टाकली. लालवर लिहिलं होतं 'ॲक्सिडंट', निळ्यावर 'इन्सिडंट'. निळं भरत आलेलं. लाल कोरं!

"अण्णा, दोन्हींत फरक काय?"

"सोपं हाय की. स्वतःच्या पायानं गेटबाहेर गेला, इन्सिडंट. उचलून न्यावा लागला, ॲक्सिडंट. मी लागल्यापासून हेच चालतंय."

डबा खाताना मी मोबाईलवर डिक्शनरी उघडली. दोन्ही शब्द एकाच लॅटिन क्रियापदातून आलेत, त्याचा अर्थ 'पडणे'. ॲक्सिडंट म्हणजे अचानक अंगावर येऊन पडलेलं, त्यातून पुढे 'अपघात' हा अर्थ आला. इन्सिडंट म्हणजे मध्येच येऊन पडलेलं, नुसतं घडलेलं, मग कुणाला लागो न लागो. गेटचा उल्लेख कुठेच नव्हता! मी हौसेनं जाऊन अण्णांना सांगितलं.

अण्णांनी चहा संपवला. "म्हणजे दोन्हीत पडायचंच ना? मग उठून चालायला काय जातंय!"

*

मागावरचा धोटा सुटून उडाला आणि एका कामगाराच्या भुवईवर बसला. डोळा रक्तानं भरला. रिक्षा आत बोलवा म्हणून मी ओरडले. रिक्षा गेटबाहेरच थांबली!

मागांवर देखरेख करणारे जॉबर रशीदभाई, त्यांनी त्याला काखेत धरलं. "चलो मियाँ, दस कदम और. बस, दस कदम."

मी मोजले. बेचाळीस होते.

*

छपराचे पत्रे बदलताना एक जण वरून पडला. घोटा पार फिरला होता. त्याला चालवणं शक्यच नव्हतं. मला वाटलं, आज लाल रजिस्टर उघडणार!

अण्णांनी माझी ऑफिसातली चाकांची खुर्ची मागवली. त्यावर त्याला बसवून गेटबाहेर ढकलत नेलं.

"हा तर चालला नाही," मी म्हणाले.

"उचलला का कुणी?"

संध्याकाळपर्यंत मी उभ्यानं काम केलं. खुर्ची धुवून वाळत ठेवली होती.

*

दारात बोर्ड आहे, 'अपघाताविना दिवस'. अण्णा रोज सकाळी उदबत्ती लावतात आणि मग आकडा बदलतात. कारखाना बंद असला की दुसऱ्या दिवशी एकदम दोन वाढवतात.

"काल तर सुट्टी होती, अण्णा!"

"मग काल अपघात झाला का?"

वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये असं घरी शिकवलंय. ज्यांनी शिकवलं त्यांनी अण्णा पाहिले नव्हते.

*

नरसक्का धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायच्या कांडी मशीनवर होत्या. माझ्या आईपेक्षा मोठ्या. मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला. दोन बोटं जागीच तुटली. हाताला टॉवेल गुंडाळून, कुणाचा आधार न घेता त्या गेटबाहेर गेल्या.

"बघ, किती हिंमतीची बाई हाय!" अण्णांनी निळं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

मी लाल उघडलं. पहिल्या कोऱ्या पानावर तारीख, नाव, मशीन, बोटं, सगळं लिहिलं. अपघाताची नोंद असेल तरच विम्याचं काम पुढे सरकणार होतं, आणि हा हात आता मशीनवर चालणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. अण्णांनी सही केली नाही. पण परदेशी गिऱ्हाईकाकडून तपासणीला साहेब येणार होते. त्यांना मराठी येत नव्हती. दुभाषी मीच! मी नरसक्कांना निरोप धाडला, त्या दिवशी याच, बाकी माझ्यावर सोडा.

त्या आल्या. हात पदराखाली होता. साहेबांपुढे मी लाल रजिस्टर उघडं ठेवलं. अण्णा भिंतीला टेकून उभे होते, अगदी शांत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

साहेबांनी विचारलं, हाताला कसं लागलं?

मी मराठीत सांगितलं, "नरसक्का, सगळं सांगा. घाबरू नका."

"घरी लागलं. शेंगाचटणी कांडताना."

"नरसक्का!"

"घरातच लागलं, मॅडम." मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "सुनेला कामाला घेतो म्हणालेत अण्णा. सोमवारपास्नं. माज्याच मशीनवर."

साहेबांनी पेन उचललं आणि मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"