दादाने दिलेलं उत्तर

माझी वहिनी पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर म्हणून लागली, तेव्हा तिथे बायकांसाठी स्वच्छतागृहसुद्धा नव्हतं. शेजारच्या टपाल कचेरीत जावं लागायचं. "बाई काय व्हॉल्व्ह फिरवणार?" असं फिटर लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. मग एकदा मोठी जलवाहिनी फुटली आणि ही बाह्या सरसावून कमरेएवढ्या चिखलात उतरली. पुढे घोडं अडलं की तेच फिटर आधी तिला हाक मारू लागले.

माझा दादा तिच्या मागून त्याच खात्यात आला. काम शिकला तेही तिच्याच हाताखाली. त्यांचं लग्न झालं तेव्हा सगळे चिडवायचे, "ऑफिसात साहेब ती, घरातही साहेब तीच!" दादा खळखळून हसायचा. हेवा त्याच्या चेहऱ्यावर कधी दिसला नाही.

आमची आई अंथरुणाला खिळली, त्याच सुमारास मुख्य अभियंत्याची जागा रिकामी झाली. त्या खुर्चीत तोवर एकही बाई बसली नव्हती. या खेपेला वरूनच सांगणं आलं होतं की मोठ्या पदांवर बायकाही हव्यात. वहिनी सगळ्यांत ज्येष्ठ. दादाही पात्र होता, पण म्हणायचा, "मी आपला नावाला उभा आहे. जागा तुझीच."

जागा दादाला मिळाली.

वहिनीने मन मोठं केलं. "घरातच आली ना? मग झालं," म्हणाली. सत्काराला जाताना त्याचा शर्ट तिनेच इस्त्री केला.

काही दिवसांनी निवृत्त झालेले जुने साहेब घरी चहाला आले. निवड समितीत तेही होते. बोलता बोलता दादाकडे बोट दाखवत वहिनीला म्हणाले, "तुमचं नाव जवळजवळ नक्की होतं हो. पण यांनाच विचारलं आम्ही, बाईंना झेपेल का? हे म्हणाले, आई आजारी, घराचं सगळं तिच्यावर. अवेळी कुठे पाइप फुटला तर तिची फार ओढाताण होईल. मग आम्हीही विचार केला, कशाला उगाच त्रास द्या."

वहिनीने हातातला कप खाली ठेवला. साहेब जाईपर्यंत ती हसतमुख राहिली.

मग दादाला म्हणाली, "असं म्हणालास तू?"

"तुझ्या काळजीपोटीच ना."

"मला विचारलंस?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "अरे, माझं आजारपण असं कामाला लावलंस? दुसरं काही सापडलं नाही तुला?"

वहिनीने शहराबाहेरच्या पंपिंग स्टेशनवर बदली मागून घेतली. अर्जावर सही दादालाच करावी लागली. ती निघाली त्या दिवशी आई म्हणाली, "सूनबाई, मलाही ने. इथे माझ्या जिवाला चैन पडायची नाही." दादाने हातापाया पडून पाहिलं. आई बधली नाही.

तिथल्या दोन खोल्यांत, मोटारींच्या घरघरीत, त्या दोघी राहिल्या. पहाटे आईचं अंग पुसून वहिनी कामावर जायची, मधल्या सुट्टीत येऊन भरवायची. पाइप फुटला तर अवेळीही जायची. गेली नाही असं एकदाही झालं नाही. आईने प्राण सोडला तो तिच्या मांडीवर. दादा पोचला तेव्हा उशीर झाला होता. तो उंबऱ्यातच बसून रडला. वहिनीने त्याला पाणी दिलं, पाठीवर हात मात्र ठेवला नाही.

आहे त्याच पदावरून ती निवृत्त झाली. निरोपाच्या भाषणात दादा म्हणाला, "मला काम हिनेच शिकवलं." टाळ्या पडल्या. वहिनी मांडीवरच्या फुलांकडे बघत होती.

परतीच्या वाटेवर तिने गाडीच्या काचेला डोकं टेकलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "मी चांगलं चालवलं असतं गं ते खातं."

मी तिचा हात घट्ट धरला.