आईच्या शाळेचं विलीनीकरण

शनिवारी आईने भर कार्यक्रमात हात वर केला… आणि मला घामच फुटला.

अंधेरीला तिच्या शाळेचा वर्धापनदिन होता. आई तिथूनच मराठीची टीचर म्हणून रिटायर झाली. पण ती लागली होती दुसऱ्याच शाळेत. वर्सोव्याला खाडीजवळ चर्चची एक छोटी मराठी शाळा होती. कोळ्यांची मुलं, आमच्यासारखी कोकणातून आलेल्यांची मुलं… पुढे इमारत धोकादायक ठरली आणि ती शाळा सिस्टर लोकांच्या मोठ्या इंग्लिश शाळेला जोडली. दोन्हींची मिळून एक शाळा, नाव नवीन.

स्क्रीनवर शाळेचा इतिहास दाखवत होते. मोठ्या शाळेचे जुने फोटो, चॅपल, बास्केटबॉलची टीम… झकास होतं सगळं. आईच्या जुन्या शाळेच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं… नंतर जवळची एक मराठी शाळा यात विलीन झाली.

तेव्हाच हात वर गेला.

"आई, खाली घे ना," मी कुजबुजले.

"गप गं तू."

आताच्या प्रिन्सिपल सिस्टर तरुण आहेत, मूळच्या केरळच्या. त्यांनी स्टेजवरून पाहिलं आणि लगेच माइक खाली पाठवला.

"सिस्टर, विलीन नव्हतो झालो आम्ही," आई म्हणाली. "आमची मुलं घेऊन चालत आलो होतो."

मग तिने सगळं सांगितलं. सामान टेम्पोत, मुलं रांगेत, आणि पुढे ही… नोकरीला अगदी नवी. मोठ्या शाळेच्या खिडक्यांत कडक इस्त्रीच्या युनिफॉर्ममधल्या मुली दाटीने उभ्या होत्या. आमची पोरं गेटवरच बिचकली, एक पोर तर रडायलाच लागलं. आता या हसणार, असं आईला वाटलं. पण तेव्हाच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर स्वतः गेटवर आल्या आणि त्यांनी मुलींना खाली बोलावलं. मुलींनी एकेकाचा हात धरून सगळ्यांना आत नेलं, आपल्या बाकांवर शेजारी बसवलं.

"ही शाळा त्या दिवशी सुरू झाली," आई म्हणाली. आवाज जरासुद्धा कापला नाही तिचा.

मग मागून कोणीतरी ओरडलं, "बाई, मी होतो त्या रांगेत!" आणि इकडून तिकडून माणसं उभी राहायला लागली… पोटं सुटलेली, केस पिकलेली. वर्सोव्याची एक मावशी तर खुर्च्या सरकवत आली आणि आईच्या गळ्यातच पडली.

सिस्टर स्टेजवरून खाली उतरल्या. "टीचर, ते वाक्य आम्ही बदलतो. पण जूनमध्ये नवीन मुलांना हे तुम्हीच येऊन सांगा ना, प्लीज."

आईने जूनसाठी साडी आत्ताच काढून ठेवलीय. मला सुट्टी टाकायला सांगितलंय.

मी चारकोपच्या शाळेत शिकले, त्यामुळे आईच्या वर्गात बसायचं राहूनच गेलं होतं… जूनमध्ये पहिल्या बाकावर बसणार आहे.