मिरचीचा ठसका

आज सुनेनं मिरचीची फोडणी दिली आणि पाळण्यातला नातू ठसकला. मला पन्नासच्या दशकातली पिंपरीची आमची खोली आठवली.

वडील नव्या कारखान्यात शिफ्टला गेले होते. माझा तान्हा भाऊ योहान तापानं फणफणला होता. चर्चच्या पाळकांना असलं काही खपायचं नाही, म्हणून आईनं दार लावून त्याची दृष्ट काढली. हातात मीठ-मिरच्या आणि तोंडानं प्रभूची प्रार्थना चालू.

“पाळकसायबांना सांगू नगंस,” ती मला म्हणाली.

मिरच्या शेगडीत पडल्या, तशा आम्ही दोघी खोकून बेजार झालो. माझ्या मांडीवरचा योहान मात्र शांत होता.

“बघ, बाळाला ठसका न्हाई. दृष्ट उतरली, प्रभू पावला!” आई हसली.

पदराखाली घेतल्यावर तिला कळलं, त्याचा श्वासच थांबला होता.

सून घाईनं खिडकी उघडते आहे. मला मात्र नातवाचा खोकला ऐकतच राहावासा वाटतो.